पिंकीने बदललेला मथळा

पिंकी लोंढे बारामतीतल्या एका न्यूज पोर्टलमध्ये मथळे लिहायची. बातम्या गावोगावचे वार्ताहर पाठवायचे, फोटो आणि व्हिडिओ दीपक बघायचा. बातमी बिबट्याची असो नाहीतर कारखान्याच्या सभेची, फोनवर सरकणारं बोट त्या बातमीपाशी थांबवायचं काम पिंकीचं. ते तिला चांगलंच साधलं होतं. पोर्टलचे मालक-संपादक विजयसिंह कुणी पाहुणा आला की तिच्या टेबलाकडे हात करून सांगायचे, "आमचं दुकान ही पोरगी चालवती."

त्यांनीच तिला शिकवलं होतं. "उत्तर मथळ्यात दिलंस की माणूस पुढं निघून जातो, पिंकी. त्याला अडकव. नाव काढ, 'तो' घाल. आन् वाचणाऱ्याच्या घरातलं काय धोक्यात हाय ते आधी सांग." सुरुवातीला तिला अवघड वाटलं. मग हात बसला. पुढेपुढे बातमी पुरती वाचायच्या आधीच तिला मथळा दिसायला लागला.

घर कन्हेरीला. आई पुतळाबाई आणि वडील गंगाराम गुरुजी. गुरुजींची सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गेली, त्यातली बरीच वर्षं इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या आसपासच्या वस्त्यांवर. कन्हेरीत अजून लोक त्यांना वाटेत थांबवून "जयभीम, गुरुजी" म्हणायचे. गुरुजी हात जोडायचे, पण समोर कोण आहे ते त्यांना कळायचं नाही. निवृत्तीनंतर हळूहळू विसर पडत गेला होता. आधी नावं गेली, मग रस्ते, मग जेवलो की नाही तेही. शाळा मात्र जात नव्हती. रोज सकाळी ते भांग पाडायचे, पांढरा सदरा घालायचे आणि पिशवी घेऊन दारात यायचे. पुतळाबाईंनी त्यावर एक उपाय काढला होता.

"आज सुट्टी हाय की," त्या म्हणायच्या.

"व्हय का? बरं झालं," म्हणून गुरुजी परत आत जायचे.

त्या मंगळवारी पुतळाबाई गिरणीत दळण आणायला गेल्या होत्या आणि पिंकी कामावर निघून गेली होती. आज सुट्टी आहे, हे सांगायला दारात कुणी नव्हतं.

इकडे ऑफिसात सकाळपासून काही चालत नव्हतं. विजयसिंह दोनदा येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहून गेले. दुपारकडे शेळगाव भागातल्या बिरू नावाच्या वार्ताहराची छोटीशी बातमी आली. मथळा त्यानंच दिला होता: 'वस्तीशाळेजवळ अनोळखी वृद्ध; ओळख पटवण्याचे आवाहन'. खाली चारच ओळी. एक वयस्कर गृहस्थ शाळेच्या फाटकापाशी बराच वेळ उभे आहेत, नीट काही सांगता येत नाही, मुलांना आत चला म्हणतात, कुणाचे असतील तर घेऊन जावे. सोबत फोटो नव्हता.

पिंकीने 'वृद्ध' हा शब्द आधी काढला. वृद्ध म्हटलं की कुणी उघडत नाही. 'ओळख पटवण्याचे आवाहन'ही काढलं, त्याने बातमी तिथंच संपत होती. मग तिने लिहिलं: 'शाळेबाहेर मुलांना हाका मारणारा 'तो' कोण? शेळगाव परिसरात खळबळ; घरात लेकरं असतील तर हे वाचाच!'

विजयसिंहांनी मागून वाचलं. "आत्ता कसं," ते म्हणाले आणि त्यांनी दीपकला त्याचं लाल पट्टीचं कार्ड करायला लावलं, म्हणजे नुसता मथळा मोठ्या अक्षरात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल असा.

कार्ड सुटलं. चहा येईपर्यंत ते इंदापूरच्या गटांमधून फिरून बारामतीत परत आलं होतं. पिंकीला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगायचं, बरंच वाटत होतं.

मग आईचा फोन आला.

"पिंके, तुझं अण्णा तिकडं आल्यात का गं?"

"इकडं कशाला येतील? घरात न्हाईत?"

"न्हाईत गं. समदी आळी पालथी घातली. ष्ट्यांडावर एकजण म्हणला, गुरुजी इंदापूरच्या येष्टीत चढताना दिसलं. पिशवी घिऊन."

पिंकीने फोन ठेवला. समोर स्क्रीनवर तिचाच मथळा होता. मुलांना आत चला म्हणतात. हे वाक्य तिने मघाशी वाचलं होतं आणि 'हाका मारणारा' असं करून टाकलं होतं. तिने बिरूला फोन लावला.

"बिरूभाऊ, त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगात काय होतं?"

"पांढरा सदरा. हातात पिशवी. लय साधं माणूस हाय ओ. मी म्हणलं चहा घ्या, तर म्हणलं घंटा झाली, आता न्हाय. पण ताई, मी तसा मथळा दिला न्हवता. गावातले लोक माझ्यावर चिडल्यात, तूच आदी का सांगितलं न्हाय म्हणून. मी आता इंदापुरात हाय, तहसीलला."

"माझे वडील हायत ते," पिंकी म्हणाली.

बिरू म्हणाला, "मी निघतो. तुमी बी निघा. लवकर निघा."

विजयसिंहांना तिने सांगितलं, ते माझे वडील आहेत, बातमी काढून टाका. त्यांना आधी समजलंच नाही. समजल्यावर ते खाली बसले, कपाळ चोळलं, तरी म्हणाले, "काढली तर लोक म्हणतील दाबली. संध्याकाळी खुलासा टाकू की." पिंकीने त्यांच्या देखत मथळा बदलला. 'शेळगावजवळच्या शाळेबाहेर असलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक गंगाराम लोंढे. त्यांना विस्मरणाचा आजार, कृपया सांभाळा'. पोर्टलवर तो बदलला. पण कार्ड हजारो फोनांवर जसंच्या तसं होतं, तिथं तिचा हात पोचत नव्हता. एरवी काय केलं की बातमी पसरते हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. ही कशी थांबवायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पोलिसांना फोन करून ती दीपकच्या मोटरसायकलवर मागे बसली. काटेवाडी मागे पडली तरी ती एका हाताने फोनच बघत होती. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये कार्डाखाली लोक लिहीत होते. पोलीस कशाला, हितंच उरका. पोरं पळवणारी टोळी हाय टोळी. आमच्या वस्तीवर बी एक दिसला. प्रत्येकाखाली ती तेच टाइप करत होती, ते शिक्षक आहेत, आजारी आहेत, माझे वडील आहेत. तिचं लिहिलेलं वर जायच्या आधीच खाली दहा नवी वाक्यं येत होती. कुणीतरी तिलाच विचारलं, तू बी त्या टोळीतली का?

"फोन ठेव, पडशील," दीपक ओरडला. तिला ऐकू आलं नाही.

वस्तीवर पोचले तेव्हा शाळेच्या अंगणात माणसंच माणसं होती. गाड्या उसाच्या बांधापर्यंत लागल्या होत्या. मुलं घरी पाठवलेली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नकोशीबाईंनी गुरुजींना स्वयंपाकाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती आणि त्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. पदर खांद्यावरून निसटला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. "पोलीस येऊस्तवर मी कडी काढत न्हाय," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मात्र कडी लावायला त्यांना थोडा उशीर झाला होता.

पिंकी गर्दीत घुसली. "सोडा, मला जाऊ द्या. माझे वडील हायत."

"कशावरनं?" एका माणसाने तिला अडवलं. त्याच्या कडेवर लहान मुलगी होती, तिला त्याने घट्ट आवळून धरलं होतं. तो गुंड नव्हता, भ्यालेला होता. त्याने फोन तिच्या तोंडापुढे धरला. "हे बघा. बातमी आलीय. घरात लेकरं असतील तर वाचाच म्हणल्यात. उगीच म्हणतील का?"

लाल पट्टीवर तिची अक्षरं.

"मी लिहिलंय ते," पिंकी म्हणाली. "मीच लिहिलंय. खोटं हाय ते. त्यांनी काय केलेलं न्हाय."

त्या माणसाने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बाई, कायबी सांगताय व्हय? बातमीवाले कशाला खोटं लिहितील?"

तिने आणखी दोघा-तिघांना सांगितलं. कुणालाच पटलं नाही. बिरू इंदापूरहून पोचला, त्याने हात जोडून सांगितलं, त्याचंही कुणी ऐकेना. शेवटी पोलिसांची गाडी आली, तेव्हा गर्दी थोडी हलली आणि नकोशीबाईंनी कडी काढली.

गुरुजी तांदळाच्या पोत्याला टेकून बसले होते. सदरा फाटलेला, ओठ सुजलेला, उजवा हात वेडावाकडा मांडीवर पडलेला. डाव्या हातात पिशवी होती, ती त्यांनी सोडली नव्हती. पिंकी जवळ गेली तसे ते अंग चोरून मागे सरकले.

"अण्णा, मी पिंकी."

"बाई, पोरं घरी पोचली का?" त्यांनी विचारलं. "बाहेर लय माणसं जमल्यात. पोरांना एकटं सोडू नका."

तिने त्यांचा चांगला हात धरला. ती रडली नाही, रडायला आत काही उरलंच नव्हतं.

हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. बारामतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. पुतळाबाई खाटेशेजारी बसून होत्या. मथळा कुणी लिहिला ते पिंकीने त्यांना तिथंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली. त्या विषयावर त्या तेव्हाही काही बोलल्या नाहीत आणि नंतरही नाहीत. पिंकीला वाटायचं, एकदा चार शिव्या देऊन मोकळ्या झाल्या असत्या तर बरं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः बातमी लिहिली. 'जमावाने मारहाण केलेले गंगाराम लोंढे निर्दोष. मुलांना धोका असल्याचा मथळा आमचाच, तो चुकीचा होता'. उत्तर मथळ्यातच होतं. कुणी फारसं उघडलं नाही. दुपारनंतर विजयसिंहांनी ती काढून टाकली. ते वाईट माणूस होते असं नाही. दवाखान्यात येऊन गुरुजींच्या पायाला हात लावून गेले होते. "पण पोर्टल बंद पडंल गं," ते म्हणाले. पिंकीने खुर्ची मागे सारली आणि ती पायऱ्या उतरून खाली आली. विजयसिंहांनी वरून हाक मारली, ती थांबली नाही.

कार्ड अजूनही फिरतं. कधी त्यावर दुसऱ्याच तालुक्यातल्या गावाचं नाव असतं. दिसेल तिथं पिंकी खाली लिहिते. लोक हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि दुसरं काहीतरी पुढे पाठवतात.

गुरुजींचा हात जुळला, बोटं मात्र नीट वळत नाहीत. सकाळी भांग पाडणं बंद झालंय. दारात ते येतच नाहीत, त्यामुळे सुट्टी आहे असं सांगावंही लागत नाही. शेजारची पोरं अंगणात खेळायला आली की ते उठून आतल्या खोलीत जातात. परवा पिंकी त्यांच्यासाठी भात कालवून घेऊन गेली, तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"अण्णा, जेवताय ना?"

"हळू बोला, बाई," ते म्हणाले. "कुणीतरी ऐकंल."

ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि एकेक घास भरवत राहिली.