एकाच चालीचा माणूस

दादाभाऊंना सगळा तालुका पेटीमास्तर म्हणतो. पेटी कधीच मोडीत गेली, आता हाताखाली कॅसिओ आहे, पण नाव पेटीचंच राहिलं. निमगाव सावाच्या मेंढपाळाच्या घरातला हा माणूस पस्तीस वर्षं आमच्या तमाशाच्या फडात आहे. गवळणी, लावण्या, वगातली गाणी, सव्वाशे तरी चाली त्यांनी बांधल्या असतील. लोकांना त्यातली एकच ठाऊक आहे. मी सुनील, त्यांच्या शेजारी बसून ढोलकी वाजवतो, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. थोडी लाजही आहे.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मढच्या यात्रेत तंबू लागला होता. दोन दिवसांवर गुढीपाडवा, गावोगावचे पुढारी नारायणगावात आमच्या राहुटीवर तमाशा ठरवायला येणार, आणि फडाकडे नवं काहीच नाही. मालकीण कोंडाबाईंनी लावणीच्या तीन चाली नापास केल्या. चौथ्या वेळी दादाभाऊ वैतागून पेटीवर आईची ओवी वाजवायला लागले. नुसतीच, स्वतःसाठी.

ती ओवी म्हणजे त्यांच्या घरचं देवाचं देणं. दिवाळीनंतर मेंढरं बाहेरगावी चरायला निघतात, त्या सकाळी म्होरक्या मेंढराला भंडारा लावून घरातल्या थोरल्या बाईनं बिरोबाला म्हणायची. सासूकडून सुनेला, अशी आलेली. संथ, लांब श्वासाची. मला कुठली अक्कल? मी त्यावर दुप्पट लयीत ढोलकी धरली. दादाभाऊंनाही रंग चढला, त्यांनी ओळीच्या शेवटी एक लाडिक मुरकी घातली. कोंडाबाई पान चघळत म्हणाल्या, हीच. आम्ही दोघं खूश झालो, आणि तिथंच फसलो.

लावणी अशी गाजली की हळदीत, मिरवणुकीत, डीजेवर, जिथं तिथं तीच. दादाभाऊ नवीन चाली बांधत राहिले. चांगल्या होत्या, काही तर फार चांगल्या. पण गण संपायच्या आत शिट्ट्या सुरू व्हायच्या. घोडेगावला एकदा त्यांनी हट्टानं नवी लावणी वाजवली, तर यात्रा कमिटीचे दोघे मंचावर येऊन हात जोडून म्हणाले, "मास्तर, आमी त्या जुन्या लावणीसाठीच आणलंय तुमाला." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी जुनीच चार वेळा वाजवली.

घरी त्याहून वाईट झालं. पहिल्याच दिवाळीनंतर मेंढरं निघताना त्यांच्या आईनं, रतनबाईंनी, ओवी सुरू केली आणि आळीतली पोरं कंबर हलवून नाचायला लागली. रतनबाई मध्येच थांबल्या. त्यानंतर दरसाल नुसता भंडारा लावायच्या. लेकाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. आई रुसली, हे दादाभाऊंनी मनाशी पक्कं धरलं. विचारायची छाती मात्र झाली नाही. मूळची चाल पुन्हा बसवावी म्हणून ते तंबूत एकटेच बसायचे, पण बोटं लावणीकडेच पळायची. हळू वाजवली तर ती दमलेली लावणी व्हायची. मला चीड यायची. त्यांचीही, माझीही.

यंदा रतनबाईंनी ब्याऐंशी वर्षं ओलांडली. धाकटा भाऊ गोरक्ष अजून मेंढरं राखतो, पण ओवी ना त्याला पाठ, ना त्याच्या बायकोला. त्याची सून रोहिणी शिकायला तयार झाली. आजींसोबतच ओवी जाऊ नये, असं तिनंच दादाभाऊंना फोनवर सांगितलं. कोंडाबाईंची बोलणी खाऊन दादाभाऊंनी दोन दिवसांची रजा काढली. मला म्हणाले, तूही चल, निम्मा गुन्हा तुझा आहे.

निघायच्या सकाळी घरच्या अंगणात मेंढरं जमली होती. दादाभाऊंनी आईच्या पायावर डोकं ठेवलं. "आये, चुकलं माजं. एकदा पयल्यासारखी म्हण." रोहिणीनं मोबाईलचं रेकॉर्डिंग लावलं.

रतनबाईंनी डोळे मिटून सुरुवात केली. पहिली ओळ संथ आली. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात मांडीवर ठेका धरायला लागला, आणि तो माझा ठेका होता. ओळीच्या शेवटी दादाभाऊंची मुरकी आली, जशीच्या तशी. त्या थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. पुन्हा तेच.

"मी रुसले नव्हते रं," त्या म्हणाल्या. "घरात कुणी नसलं का दरसाल म्हणून बगते. लगीन, वरात, यात्रा, रोज तीच कानावर. आता माज्याबी तोंडात तीच बसली. ही घेऊन देवाम्होरं कशी जाऊ?"

दादाभाऊंचा चेहरा मला बघवेना. वीस वर्षं त्यांना वाटत होतं, खरी चाल आईपाशी जपून ठेवलेली आहे.

गोरक्ष काठी घेऊन उभा होता, मेंढरं ओढ घेत होती. रोहिणीनं भीत भीत विचारलं, "आजी, मंग मी हीच शिकू का?"

"शीक बाई," रतनबाई म्हणाल्या. "दुसरी कुटून आणू?"

त्यांनी तिसरी ओळ धरली, पण दम पुरेना. शब्द लहानपणापासून पाठ असलेला घरात आणखी एकच माणूस होता. उरलेली ओवी रोहिणीला दादाभाऊंनी शिकवली, मुरकीसकट.