बाहेरून बारावी

आमच्याकडे माणूस गेला की आधी माईक येतो, मग मंडप. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना होते, त्रिशरण-पंचशील होतं, आणि नंतर ज्याला ज्याला घसा आहे तो बोलतो. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी नाचणगावच्या घरासमोर अकरा जण बोलले.

पहिल्याने सांगितलं की धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी त्याने स्वतःचं कॉलेज सोडलं. दुसऱ्याने त्यात पायपीट घातली. चौथ्यापर्यंत तो उपाशी राहू लागला होता, आणि सातव्याच्या भाषणात त्याने आपली पुस्तकं विकून माझ्यासाठी वह्या आणल्या. आमच्या घरात विकण्याइतकी पुस्तकं होती हे मला त्या दिवशी कळलं. मी ग्रंथपाल आहे. माझ्या नजरेतून ती सुटायला नको होती.

मग सूत्रसंचालन करणाऱ्या निवृत्त गुरुजींनी मला बोलावलं. वहिनी बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. आई शाळेत गेलेली नाही. घरातली शिकलेली तेवढी मी. मी उठले, माईक घेतला, माणसांकडे पाहिलं आणि परत येऊन बसले. मध्ये काहीही घडलं नाही. "ताईंच्या भावना अनावर झाल्या," असं गुरुजींनी जाहीर केलं. लोकांनी मान डोलावली. न बोललेलं भाषण सगळ्यांना आवडतं.

आईला आवडलं नाही.

"सारं गाव बोललं," ती मला म्हणाली. "बहीन असून तूच नाई बोलली."

"मले नाई जमत, आई."

"पुढच्या साली त्याच्या दिवसाले बोलजो. मी राह्यतो का नाई राह्यत, कोनाले मालूम."

म्हणजे मला एक वर्षाची मुदत मिळाली, आणि आईने तिच्याखाली स्वतःचं वय लिहून दिलं.

जमत नव्हतं हे खरं होतं, पण अर्धंच. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून मी माईकला घाबरते. मात्र त्या दिवशी अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर. भाऊ बारावीला गणितात नापास झाला होता. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म त्याने भरला, परीक्षेच्या सकाळी तो अंघोळ करून घरातून निघाला, आणि थेट कापसाच्या जिनिंगच्या गेटवर काम मागायला गेला. परत येऊन घरी म्हणाला, "माह्या डोक्यात नाई बसत ते. बाईले शिकवू." बाई म्हणजे मी. त्याचा त्याग तिथून सुरू झाला. परीक्षा बुडवल्याचं फक्त मला माहीत होतं.

पुढे सत्तावीस वर्षं तो त्या जिनिंगच्या वजनकाट्यावर होता. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओल्या कापसाची कपात, सगळं तोंडी. समोरचा कॅल्क्युलेटर काढेपर्यंत याचा आकडा तयार असे. आणि आपल्याला गणित येत नाही, ही त्याची खात्री जराही हलली नाही. अशी ठाम श्रद्धा मी विहारातही क्वचित पाहिली आहे.

शेवटच्या वर्षी मात्र तो शनिवारी जवळच्या पुलगावहून गाडीने वर्ध्याला येऊ लागला. माझ्या कॉलेजच्या वाचनालयात खिडकीजवळ बसायचा. शिपायाला सांगायचा, पेपर वाचायले आलो. समोर पेपर असायचा, आणि पेपरखाली बारावी कॉमर्सचं गणित. पंचेचाळीसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून परीक्षेला बसायचं होतं.

"बाकीचे विषय तं होतीन," तो म्हणाला होता. "गनिताचंच पाहा लागते. अन् कोनाले सांगू नको, बाई. पुन्हा नापास झालो तं लोक म्हनतीन, येवढ्या वर्सात काई फरक नाई पडला."

परीक्षा फेब्रुवारीत होती. डिसेंबरात एका सकाळी काट्याजवळच त्याच्या छातीत कळ आली, आणि तो गेला.

आता मी माईकवर काय सांगायचं होतं? त्याने माझ्यासाठी कॉलेज सोडलं, हे खोटं. तो नापास झाला होता, हे खरं, आणि अकरा वक्त्यांच्या तोंडावर मारण्यासारखं. शनिवारचं सांगायचं, तर त्याला दिलेला शब्द मोडायचा.

या अवस्थेतल्या माणसाला मदत करायला जग सदैव तत्पर असतं. तीन आठवड्यांनी आमच्या कॉलेजात एक दिवसाची कार्यशाळा झाली. विषय ग्रोथ माइंडसेट. उपस्थिती सक्तीची, कारण माणसाने स्वेच्छेने वाढावं यावर प्राचार्यांचा विश्वास नाही. पडद्यावर दोन डोकी होती. एकाला कुलूप लावलेलं, दुसऱ्यातून रोपटं उगवलेलं. नागपूरहून आलेल्या प्रशिक्षकांच्या गालाला माईक चिकटवलेला होता. त्यांना तो हातात धरण्याचीही भीती उरली नव्हती.

"'मला येत नाही' हे वाक्य आजपासून बंद," ते म्हणाले. "म्हणा, मला अजून येत नाही."

आम्ही सगळ्यांनी म्हटलं. शिक्षक मंडळी एकासुरात काहीही म्हणायला तयार असतात. मी मनात एक वाक्य करून पाहिलं: माझा भाऊ परत आलेला नाही, अजून. पडद्यावरचं रोपटं वाढतच राहिलं.

मग प्रत्येकाने आपल्याला न येणारी एक गोष्ट कागदावर लिहायची होती. माझ्या शेजारी ऑफिसचे हेडक्लार्क होते.

"मॅडम, तुमी काय लिवलं?"

"लोकांसमोर बोलता येत नाही."

"मजेत आहा मंग. मले बोलता येते, तं सारे लोक तक्रारी घेऊन माह्याच टेबलावर येतेत." त्यांनी थोडा विचार केला. "मी लिवतो, पोहता येत नाई. आपल्या कॉलेजात तलाव नाई. कोनी तपासत नाई."

प्रशिक्षकांनी माझा कागद वाचला आणि ते प्रसन्न झाले. कुठे बोलायचं आहे, त्यांनी विचारलं. भावाच्या पहिल्या स्मृतिदिनाला, मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तयारीला भरपूर वेळ आहे." दुपारी चार वाजता मला मानसिकता बदलल्याचं प्रमाणपत्र मिळालं. माझ्या भावाला असं काही कुणी दिलं नव्हतं. त्याने फक्त पेपरखाली पुस्तक ठेवलं होतं.

तरी मी प्रयत्न केला. सवयीप्रमाणे आधी पुस्तकांकडे गेले. वक्तृत्वावरची चार पुस्तकं वाचनालयात निघाली, एकही कधी कुणी नेलेलं नव्हतं. मग पिपरी मेघेच्या माझ्या दोन खोल्यांत आरशासमोर उभी राहू लागले. आरशातल्या बाईला सगळं आधीच माहीत होतं, त्यामुळे तिला काही सांगण्यात अर्थ नव्हता. आठ महिन्यांत माझी प्रगती "उपस्थित मान्यवरहो" इथपर्यंत झाली. सोबत अकरा पानांचं भाषण लिहून झालं. त्यात भावाच्या कष्टांवर, स्वभावावर, गावातल्या मानावर सगळं होतं. बारावीबद्दल एक ओळ नव्हती.

स्मृतिदिनाला पाचच वक्ते होते, पण कथा आता पक्की झाली होती. पायपीट, उपास, पुस्तकं, सगळं जागच्या जागी. मग गुरुजींनी मला बोलावलं. श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर पाहावं, असं प्रशिक्षकांनी शिकवलं होतं. मी पाहिलं. वर मंडपाचं कापड होतं. मी "माझा भाऊ" म्हटलं आणि पुढचं वाक्य आलं नाही. आलं ते कागदावरचं होतं, आणि ते मला वाचवेना.

गुरुजी पुढे सरकले. "भावना..."

"थांबा, गुरुजी," पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून आई म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "त्यानं कालेज काऊन सोडलं व बाई? सांग."

"आई, इथं?"

"मंग कुठं? सारे इथंच बसले हायेत."

"गनितात नापास झालता," मी म्हटलं. पुस्तकं विकणारे वक्ते खोकले.

"मंग?"

"ऑक्टोबरच्या परीक्षेले गेलाच नाई. जिनिंगवर गेला."

"मालूम हाय मले," आई म्हणाली. "त्या दिवशी त्याचा पेन घरीच राह्यलता. परीक्षेले कोन पेन सोडून जाते?"

इतकी वर्षं आम्ही भावंडं तिच्यापासून जे लपवत होतो, ते ती आमच्यापासून लपवत होती. लपवण्यात आमचं घराणं पहिल्यापासून हुशार.

"अन् शनवारी वर्ध्याले काय काम व्हतं त्याचं?" तिने विचारलं. "मले म्हने, साहेबाचं काम हाय. शनवारी कोनता साहेब काम सांगते?"

वहिनीनेही मान वर केली. तिलाही तेच सांगितलेलं असणार. मी त्या दोघींकडे पाहिलं, आणि मला कळलं की मी शब्द मोडणार आहे.

"बारावीचा अभ्यास करून राह्यलता. माह्या लायब्ररीत. फेब्रुवारीत परीक्षा देनार व्हता."

काट्यावर त्याच्यासोबत काम करणारा एक जण मागून म्हणाला, "आता कायले पायजे होती त्याले बारावी?"

"तू कायले इचारतं?" आई वळून म्हणाली. "तुले कोनी बस म्हनलं परीक्षेले?" मग पुन्हा माझ्याकडे वळली. तिचा आवाज खाली आला. "येत व्हते का व त्याले गनितं?"

"शेवटच्या शनवारी मी दहा देल्ले व्हते. सात बरोबर आले."

"अन् तीन?"

"तीन अर्धेच राह्यले."

आईने बोटांवर काहीतरी मोजलं. ती दहा गणितं मी सोप्या धड्यांतून निवडून दिली होती, त्याचा जीव खचू नये म्हणून. पुढचे धडे त्याने उघडलेही नव्हते. निकालापेक्षा प्रयत्नांचं कौतुक करावं, हे मी प्रमाणपत्रासकट शिकून आले होते. पण आईला कौतुक नको होतं.

"मंग पास झाला असता तो," ती म्हणाली. तिने ते सांगितलं नव्हतं, विचारलं होतं.

माईक माझ्या तोंडापाशी होता.

"झाला असता," मी म्हटलं.

आईने शेजारच्या बायकांकडे पाहिलं, त्यांनी ऐकलं की नाही ते बघायला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बस आता खाली."