दोन गाठींमधलं अंतर

जासईच्या शाळेसमोर ट्रेलरनं एका मुलीला उडवलं, तिच्या कमरेचं हाड मोडलं. पनवेलच्या दवाखान्यात तिचा कोळी बाप रोज जाळ्याच्या सुतानं तिचे दोन्ही पाय बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजून एकाच सुतावर प्रत्येक पायाची एक गाठ मारायचा; एक पाय आखूड झाला होता. शाळेसमोरचे ट्रेलर बंद व्हावेत म्हणून आम्ही काही जणांनी मोर्चा काढायचा ठरवला होता; त्याचं पत्रक मी त्याच्या हातात दिलं: ‘ट्रेलरनं पोर जन्माची पांगळी केली!’

वाचून तो शांतपणे म्हणाला, "बाय, डाक्टर बोलला, पायाला वजन बांदून झोपवली का बारक्यांचं हाड जुलतं. पयल्या दिवशी बोटभर फरक व्हता, आता नखभर हाय. जन्माची कुनी सांगितलं तुला?"

मुलगी माझ्याकडेच बघत होती.

ती ओळ मी तिथंच बसून सगळ्या पत्रकांवरून खोडली. शाळेसमोरून ट्रेलर अजूनही तसेच सुसाट जातात, ही ओळ ठेवली.