एकाच डोळ्याचे जुळे

“हे दोघं जुळे भाऊ हायेत, एकाचा डावा डोळा फुटलाय, दुसऱ्याचा उजवा,” असं जयवंतीबाई एकदा म्हणाल्या होत्या. मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत त्या स्वयंपाक करीत. वाचता येत नव्हतं, पण जेवणं उरकली की मुलं एक जुनं कॉमिक घेऊन त्यांच्याभोवती बसत. त्यातला जुलमी सरदार खरं तर एकच होता. त्याच्या फुटक्या डोळ्यावरची पट्टी मात्र पानागणिक डोळा बदलायची. बाईंच्या गोष्टीत मग एक भाऊ गाव लुटायचा आणि दुसरा गुपचूप सगळं परत ठेवून यायचा.

“मावशी, आता कोण आला?”

“पट्टी बघ की रं! हा चांगला.”

शहाण्णव साली बदलून आलेल्या कमलेश सरांनी हसत हसत सांगून टाकलं, की ही चित्रकाराची चूक आहे. दुसऱ्या दिवसापासून मुलांनी कॉमिक काढलंच नाही. सरांना चुटपुट लागली. सुट्टीहून येताना त्यांनी ठाण्याहून गुळगुळीत कागदाचं नवं कॉमिक आणलं.

“मावशी, आता सांगा गोष्ट. यात एकही चूक नाही, मी तपासून आणलंय.”

बाईंनी हात पदराला पुसून शेवटपर्यंत पानं उलटली. सगळ्यांचे डोळे जागच्या जागी होते. मुलं वाट बघत होती. पुस्तक सरांच्या हातात देऊन बाई बाहेर पडल्या.