तिसऱ्यांदा आलेलं धुकं

एकवीस वर्षं साहित्य शिकवून भाषेच्या सरांनी एकच नियम पक्का केला होता. गोष्टीत एखादी वस्तू एकदा आली तर ते सामान. दुसऱ्यांदा आली तर कान टवकारायचे. तिसऱ्यांदा आली की कडेला लाल शाईनं लिहायचं, ‘प्रतीक’. मुलं त्यांना पाठीमागे ‘तिसऱ्यांदा सर’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

नववीत शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी गणितात दोनदा आपटली होती. विज्ञानातही तीच रड. गणिताच्या बाईंचं मत ठरलेलं होतं: हिचं डोकं चालत नाही, पुन्हा नववीतच बसू दे. निर्णय सोमवारी शिक्षकांच्या बैठकीत व्हायचा होता.

सर मात्र तिच्यावर खूश होते. शाळेवरच्या निबंधात तिनं लिहिलं होतं, की फळ्यावर धुकं असतं. आवडत्या ऋतूच्या निबंधात ते धुकं रस्त्यावर उतरलं आणि बसच्या पाटीवर बसलं. ‘मी मोठी झाल्यावर’ या निबंधात ते पुन्हा आलं. सरांनी दहापैकी नऊ दिले. शेरा लिहिला, ‘अज्ञानाचं धुकं. समर्थ प्रतीक.’ एक गुण शुद्धलेखनाचा कापला.

रविवारी दुपारी त्यांनी तिन्ही निबंध बायकोला वाचून दाखवले. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती; दिवसभर लोकांकडून तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची. मटार सोलता सोलता तिनं दोन निबंध ऐकले. तिसऱ्याला तिचा हात थांबला.

“अहो, ही पोरगी बसते कुठे?”

“शेवटच्या बाकावर. उंच आहे.”

“तिला चष्मा लागलाय.”

साहित्याकडे असं दवाखान्यातून बघू नये, असं सरांनी समजावलं. बायकोनं वही ओढून शेरा वाचला.

“तीनदा सांगितलं तिनं तुम्हाला. अजून कितीदा सांगायचं?”

सरांनी वही मिटली आणि मटाराचं ताट जवळ ओढलं. मग त्यांनीही सोलायला घेतले.

सोमवारी बैठकीत त्यांना तिन्ही निबंध आणि स्वतःचा शेरा मोठ्यानं वाचून दाखवावा लागला. गणिताच्या बाई डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या, पण मुलीचा निर्णय वार्षिक परीक्षेपर्यंत लांबणीवर टाकायला तयार झाल्या. चष्म्याचा नंबर उणे साडेतीन निघाला. मुलगी पहिल्या बाकावर आली. वार्षिक परीक्षेत तिला गणितात एकसष्ट पडले.

शेवटच्या निबंधाला मात्र सरांनी सहाच दिले. मुलगी वही घेऊन आली.

“सर, तीन गुण कमी का?”

“या वेळी धुकं नाही.”

“नाहीच आहे, सर.”

सरांनी वही परत घेतली आणि पुन्हा वाचली. फळा एकदा, बस एकदा. सगळं नुसतं सामान. बसच्या पाटीवरचा नंबर मात्र तिनं बरोबर लिहिला होता. सरांनी सहाचे नऊ केले. शुद्धलेखनाचा एक गुण कापलेलाच राहिला.