अकरा एकांची वाटणी

मोठी संख्या दिसली की ती अखंड आहे की तिचे तुकडे पडतात, हे पाहिल्याशिवाय नानांना चैन पडत नसे. नाना म्हणजे माझे सासरे. लाइटचं बिल आलं की ते आधी ग्राहक क्रमांक वाचायचे. "मीना, ह्याला तेरानं भाग जातोय," हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की कुणी ओळखीचं घरी आलंय असं वाटावं.

नव्वद सालाच्या आसपास आम्ही दादरची खोली सोडून मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आलो आणि नानांचं बोलणंच आटलं. सासूबाई आधीच गेल्या होत्या, मित्र दादरला राहिले. अशात समोरच्या फ्लॅटमधल्या जयाबेन एका दुपारी विरजण मागायला आल्या. नानांच्या कागदावर ओळीनं अकरा वेळा एक लिहिलेला पाहून थबकल्या.

"ये टूटता है क्या?"

"टूटता होगा. मेरे को मिलता नहीं," नाना म्हणाले.

जयाबेन विधवा होत्या. लग्नाआधी कॉलेजात गणित शिकत होत्या. विरजण विसरून त्या बसल्याच. नानांनी समजावलं, ह्या संख्येला ज्या मूळ संख्येनं भाग जाईल, तिला बावीसनं भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे. बाकीच्या सगळ्या सोडायच्या. तरी शेकडो उरत होत्या आणि घरातला कॅल्क्युलेटर आठ आकड्यांवर थांबायचा. मग वाटणी झाली. शेवटी एक किंवा तीन असलेल्या नानांच्या, सात किंवा नऊ असलेल्या जयाबेनच्या. रोज दुपारी आमच्या डायनिंग टेबलावर हातानं भागाकार चालायचे. नाना पुन्हा बोलू लागले, रोज दाढी करू लागले.

सोसायटीत कुजबुज सुरू झाली. ह्यांनी जेवताना विषय काढलाच. "नाना, लोक काय काय बोलतायत."

"त्यांनाही दोन-चार संख्या वाटून देतो," म्हणत नानांनी भात मागितला.

पण जयाबेन यायच्या थांबल्या. नाना टेबलापाशी नुसते बसून राहत. शेवटी मीच त्यांच्या दारात गेले. "चलिए, चाय रखी है," म्हटलं. त्या आपले कागद घेऊन आल्या.

काही महिन्यांनी भाग गेला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास! जयाबेनच्या वाटणीतली. नानांनी गुणाकार करून पाहिला, अकराही एक उमटले. मग दोघांनी पेन्सिली खाली ठेवल्या. चहाला कुणी हात लावेना.

नानांनी नवा कागद घेतला. बारा एक तर लगेच तुटतात; तेरा एक त्याच दुपारी त्रेपन्ननं तुटले. चौदा, पंधरा, सोळा तर सहजच तुटतात, म्हणून सतरा घेतले. बावीसच्या जागी आता सतराची दुप्पट, चौतीस आले. वर्ष उलटलं तरी भाग जाईना.

"ये अपनी जिंदगी में नहीं होगा," नाना म्हणाले.

"तो अच्छा है ना," जयाबेन म्हणाल्या.

नाना गेले ते झोपेतच. दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी जयाबेन आल्या, आपले कागद काढून नेहमीच्या जागी बसल्या. समोरची खुर्ची रिकामी होती. शाळेत गणितानं मला कायम रडवलेलं, तरी मी ती ओढून बसले. म्हटलं, "नाना के हिस्से का मुझे सिखाइए."

त्यांनी पेन्सिल पुढे सरकवली.

"पहले चौंतीस का पहाडा लिखो, बेटा."