क्रूझ, परिक्रमा आणि तिलवाऱ्याचा पूल

फॅक्टरीतून रिटायर झाल्याच्या आनंदात आमच्या ह्यांनी सगळ्या घरादाराला क्रूझवर न्यायचं ठरवलं. क्रूझ म्हटल्यावर कुणाला समुद्र आठवेल, म्हणून आधीच सांगते, जबलपूरला समुद्र नाही. पण नर्मदेवर धरण आहे, धरणामागे नजर पोहोचणार नाही एवढं पाणी आहे आणि त्या पाण्यावर एक दुमजली बोट फिरते. तिला क्रूझ म्हणायचं. साधी होडी म्हटलं तर तिकीट एवढं कसं लावता येईल?

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा नौकाविहार म्हणजे भेडाघाट. लाकडी नाव, बसायला आडवी फळी. नावाडी वल्ही मारता मारता यमकं जुळवून संगमरवराची महती सांगायचा आणि मध्येच नव्या जोडप्यांची फिरकी घ्यायचा. माझी घेतली होती, मी आठवडाभर लाजत होते. लाइफ जॅकेटचं विचारलं की "मैया सँभालेगी" म्हणून मोकळा. घरून नेलेल्या पुऱ्या नावेतच सुटायच्या, त्यातल्या दोन नावाड्याला.

आता सुधारणा झाली आहे. बाहेरचं खाणं आत चालत नाही, आत जे मिळतं ते खाणं चालत नाही. लाइफ जॅकेट मिळतं, पण त्याचं बक्कल कुणाच्या तरी आधीच्या सहलीत हरवलेलं असतं, म्हणून जाणाऱ्यांनी बांधायला एखादी ओढणी जवळ ठेवावी. गाण्यांचा आवाज एवढा असतो की सुरक्षेच्या सूचना ऐकू येत नाहीत. कानात कापूस आणि पोटात काहीतरी घालून निघावं, एवढाच अनुभवाचा सल्ला.

पण आमच्या घरात खरी अडचण वेगळीच होती. ती होती सासूबाई.

सासूबाईंचा धाकटा भाऊ नागपूरला असतो. त्याला अर्धांगवायू झाला आणि तो खुर्चीला खिळला. तो पुन्हा चालावा म्हणून सासूबाईंनी नर्मदेची परिक्रमा बोलली. चालत नाही, वयाच्या मानाने बसने, बायकांच्या मंडळाबरोबर. पहिल्या हिवाळ्यात आपल्या काठाने अमरकंटकपर्यंत जाऊन त्या त्याच काठाने घरी परतल्या. उरलेली, म्हणजे अमरकंटकच्या उगमाला वळसा घालून पलीकडच्या काठाने समुद्रापर्यंत आणि तिथून अलीकडच्या काठाने परत, पुढच्या हिवाळ्यात होती. नियम एकच. परिक्रमा पुरी होईपर्यंत नर्मदा ओलांडायची नाही.

आता गंमत बघा. आमचं घर नदीच्या अलीकडे आणि नागपूरचा रस्ता तिलवाऱ्याच्या पुलावरून पलीकडे. म्हणजे ज्या भावासाठी हे सगळं, त्यालाच भेटायची सोय नाही. भाचीचं लग्न झालं, सासूबाई इथेच बसून अक्षता टाकून मोकळ्या. आणि अशा बाईसाठी ह्यांनी गुपचूप क्रूझचं तिकीट काढलं! वर तोंड करून म्हणतात, "आई, नर्मदेतच तर फिरायचं आहे. उलट पुण्यच लागेल."

धरणावर पोचल्यावर सासूबाईंनी बोटीवर पाय ठेवण्याआधी तिकीटवाल्याला विचारलं, "भैया, बीच धार पार करते हो क्या?"

तो छाती फुगवून म्हणाला, "माताजी, पूरा डैम घुमाते हैं! पैसा वसूल!"

सासूबाई मागे फिरल्या आणि काठावरच्या बाकावर जाऊन बसल्या.

ह्यांचा पारा चढला. "अगं, बोट पलीकडे टेकत नाही. जाते अन् फिरून येते. कोण बघून राहिलं?"

"मी बघून राहिली न," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही जा. पुऱ्या माझ्यापाशी ठेवा, तिथं खाऊ देत नाहीत म्हणे."

आम्ही गेलो. वरच्या मजल्यावर हे तोंड पाडून बसले, मुलं नाचली, मी कापूस विसरले होते. मागे वळून पाहिलं तर बाकावर पांढरी साडी दिसत होती, मांडीवर पुऱ्यांचा डबा. मला त्या घटकेला त्या बाईचा रागही आला आणि रडूही आलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्यासोबत मीच गेले. पलीकडचा काठ संपतो तिथे नदीच्या मुखाला वळसा घालायला समुद्र होडीनेच ओलांडायचा असतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं. भरतीची वाट बघत किनाऱ्यावर बसलो, मग लाकडी होडीत दाटीवाटीने कोंबले गेलो. ना गाणी, ना बक्कल. मी पोट धरून वाकले होते आणि सासूबाई माझी पाठ चोळत म्हणत होत्या, "काहून घाबरते? ही आपली क्रूझ."

परिक्रमा पुरी झाली. जबलपूरच्या ग्वारीघाटावर पूजा आटोपली आणि त्यांनी घरी जायलाही नकार दिला. हे घ्यायला आले होते, ती गाडी थेट तिलवाऱ्याच्या पुलावर. पूल संपेपर्यंत त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नागपूरला सासूबाईंचे भाऊ, म्हणजे ह्यांचे मामा, दारात खुर्चीतच बसले होते. पाय तसेच. हे माझ्या कानाशी पुटपुटले, "काय मिळालं?" मी त्यांना कोपरखळी मारली, पण प्रश्न माझ्याही मनात तोच होता.

सासूबाईंनी बाटलीतलं नर्मदेचं पाणी मामांच्या पायांना लावलं. मामा म्हणाले, "ताई, मी चालणार नाही. डॉक्टरनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू अर्ध्यातून पूल ओलांडून आली असती. आयुष्यभर चुलीपुढून हलली नाहीस तू. पहिल्यांदा घराबाहेर पडायला कारण भेटलं होतं, ते मी काहून मोडू?"

सासूबाईंनी त्यांना एक चापट मारली. लुळ्या हातावर नाही, चांगल्या हातावर. मग तोच हात छातीशी धरून त्या खूप वेळ रडल्या.